दोनशे बारावा संदेश

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
शब्ददान संदेश सेवा, पुणे.

विषय : मोबाइल संदेशाने दिलेले दान अडकून पडल्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : अर्जदाराचे आधीचे तीन अर्ज, आणि त्या तिन्हींना आपल्या यंत्राने दिलेले एकच उत्तर.

महोदय,

१. अर्जदार पंकजा रविशंकर राव ही कुंभकोणम् येथील रुग्णवाहन मंडळाची चिटणीस आहे. मंडळाकडे एकच व्हॅन. आठवड्यातून तीनदा ती पट्टीश्वरम्, इन्नंबूर आणि आडुतुरै इथल्या नऊ रुग्णांना डायलिसिससाठी शहरात आणते व घरी पोचवते. डिसेंबरात तिचा गिअरबॉक्स गेला. दुरुस्ती झाली, पण पैसे हातात पडल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असे मेकॅनिकने सांगितले. त्याचेही पोट आहे, अर्जदाराची त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

२. आपल्या प्रतिनिधीने अर्जदारास समजावले की घरी गेलेला माणूस देत नाही, त्याला समोर बसलेला असतानाच फोन काढायला लावावे. 'दान' एवढा एक शब्द आपल्या क्रमांकावर पाठवला की शंभर रुपये आपोआप वळते होतात. अर्जदारास हे पटले. बारा जानेवारीस मंडळाने गाडीच्या मदतीसाठी ठेवलेले भजन रंगात आले असता ती व्यासपीठावर चढली व म्हणाली, "दान लिहा, आणि पुढे आपले नाव, नक्षत्र, गोत्र घाला." या गावात देवापुढे रुपया ठेवला तरी पुजारी नाव-नक्षत्र विचारतो. निनावी देणे इथे कोणाला जमत नाही, अर्जदारासही ते सुचले नाही. ही चूक तिची आहे. तीन अर्जांत कबूल केली, चौथ्यांदा करते.

३. दोनशे बारा जणांनी संदेश पाठवले. पैसे सर्वांचे कापले गेले, आणि उत्तर सर्वांना एकच आले : "अमान्य संदेश. रक्कम राखून ठेवली आहे." काही वृद्ध बायकांना वाटले, नक्षत्र चुकले असेल. त्यांनी रास घालून पुन्हा पाठवले. त्यावरून आपल्या यंत्रास हा संघटित गैरप्रकार वाटला व मंडळाचे खाते गोठले.

४. पुढे आपल्या कार्यालयाने विचारले की 'पूराडम', 'केट्टै' या सांकेतिक शब्दांचा अर्थ व हेतू काय. अर्जदाराने कळवले की ती पूर्वाषाढा आणि ज्येष्ठा यांची तमिळ नावे आहेत, व सोबत सत्तावीस नक्षत्रांची यादी जोडली. उत्तरादाखल त्या सत्तावीस जणांची ओळखपत्रे मागविण्यात आली. महोदय, अर्जदाराने तीच यादी पुन्हा पाठवली.

५. तिने फोनही केला. आपल्याकडच्या मुलीने दोन वाक्ये ऐकून हिंदीत बोलण्याची विनंती केली. अर्जदाराचे पूर्वज तंजावरास आले त्याला तीनशे वर्षे झाली. तेव्हापासून घरात हेच मराठी बोलतात आणि ते पुण्यात चालेल, अशी तिची भाबडी समजूत होती. असो.

६. अखेर फेब्रुवारीत आपण मार्ग सांगितला. प्रत्येकाने स्वतःच्या क्रमांकावरून, स्वतःच, नुसता 'दान' हा शब्द पुन्हा पाठवायचा, पैसे पुन्हा कापले जाणार नाहीत. सर्व दोनशे बारा संदेश आल्यावर खाते खुले होईल. एकही कमी चालणार नाही, दुसऱ्याने पाठवल्यास सर्व रद्द. मग अर्जदार यादी घेऊन स्कूटरवर निघाली. दारोदार फिरू नये म्हणून ही सेवा घेतली होती, ती घेऊन दारोदार फिरली. लोक म्हणत, "एकदा दिलं ना अम्मा? त्यांनीच नको म्हटलं, आता पुन्हा कशाला?" नव्याने रोख मागायची तर सोयच उरली नव्हती. समजावून, हातापाया पडून, आठ मार्चपर्यंत दोनशे अकरा झाले.

७. दोनशे बारावे इन्नंबूरचे महालिंग. शेतमजूर, आणि व्हॅनने येणाऱ्या नऊ रुग्णांपैकी एक. भजनाला आले होते, ज्या गाडीत बसायचे तिच्यासाठी त्यांनीही शंभर दिले होते. गाडी नाही म्हणून ते दोन बस बदलून डायलिसिसला येत. फेब्रुवारीत तीन खेपा चुकल्या. नऊ मार्चला अर्जदार त्यांच्या दारी गेली, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. हे आपल्या यंत्रामुळे झाले, असे अर्जदार म्हणत नाही. हृदय आधीच थकले होते, असे डॉक्टर म्हणाले. पण गाडी दारात आली असती तर त्या तीन खेपा चुकल्या नसत्या, एवढे तिला ठाऊक आहे आणि त्याने तिची झोप उडाली आहे.

८. त्यांच्या पत्नी शिवकामी यांनी नवऱ्याचा फोन आणून अर्जदाराच्या हातात दिला. एक शब्द पाठवला असता तर आपल्याला कळलेही नसते. अर्जदाराचे बोट त्यावर गेले होते, हेही लपवत नाही. तेवढ्यात शिवकामींनी विचारले, "यांचं दान घेतलं की नाही, तेवढं सांगा." अर्जदाराने फोन परत दिला.

९. सबब विनंती की, दोनशे बारावा संदेश आता नव्याने मागू नये. महालिंग यांनी बारा जानेवारीस स्वतःच्या हाताने पाठवलेला संदेश आपल्याकडे आहे : "दान महालिंग केट्टै शिवगोत्र." तो आहे तसा, नाव-नक्षत्रासह, मान्य करावा व तसे त्याच क्रमांकावर कळवावे. फोन शिवकामी चार्ज करून ठेवतात. आठ रुग्ण अजून गाडीची वाट पाहत आहेत.

आपली, अजून तरी नम्र,
पंकजा रविशंकर राव
कुंभकोणम्, दि. २१ मार्च

सोबत :
सत्तावीस नक्षत्रांची यादी (तिसऱ्यांदा)
दोनशे अकरा जणांची नावे
महालिंग यांचा मृत्यूचा दाखला
त्यांच्या फोनवरील संदेशाचे छायाचित्र, खाली आपल्या उत्तरासह : "अमान्य."