बोटात घुसलेली पिन

४ मार्च, सोमवार. जेवणाची सुट्टी.
सकाळी सोफ्याच्या पाठीला कापड ठोकताना, कोपरा अडचणीचा म्हणून डाव्या हातात घेतलेली स्टेपल गन सटकली. पिन उजव्या हाताच्या पहिल्या बोटात. पकडीने उपटली. कुणी बघितलं नाही. सुरेख काम झालं.
फर्स्ट-एडच्या खोलीत जायचा प्रश्नच नाही. आमचे फोरमन या महिन्यात रिटायर होतायत. मालक परवाच म्हणाले, त्या जागेसाठी आता तुमच्यावरच नजर आहे. अशा वेळी बोट वर करून सिस्टरपुढे उभा राहू? शिवाय गेल्याच आठवड्यात कटिंगवाला लांब्या, ब्लेड लागलं म्हणून, तिकडे पळाला, तेव्हा सगळ्यांसमोर त्याची नक्कल मीच केली होती.
चिकटपट्टी लावली. विषय संपला.
संकल्प: उद्यापासून शुगरची गोळी न चुकता.

५ मार्च, मंगळवार.
बोट जरा फुगलंय. बरं होताना फुगतंच. बायकोने विचारलं, दारात चेंगरलं म्हणालो. कुठल्या दारात, म्हणाली. या बाईला प्रत्येक गोष्टीत खोलात शिरायची सवय आहे.
गोळी राहिली. उद्या.

६ मार्च, बुधवार.
मिठाच्या गरम पाण्यात बोट बुडवून बसलो. खूप आराम. म्हणजे पाण्यात होतं तोवर.
अक्षर वाकडं येतंय. पेन बदलायला हवं.

७ मार्च, गुरुवार.
बोट वाकत नाही. सरळही होत नाही. लांब्याने बघितलंच. बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, सिस्टरला दाखवा ना. मला दोन टाके घातले, दुसऱ्या दिवशी कामावर होतो."
तू अजून लहान आहेस, म्हणालो. तो चाळिशीचा आहे. पण मुद्दा तो नाही.
म्हणाला, हवं तर मी सोबत येतो. मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही.

८ मार्च, शुक्रवार.
मनगटापासून वर एक लाल रेघ दिसतेय. शर्टाच्या बाहीचा रंग गेला असणार. हल्ली कापडात दमच राहिला नाही.
साबणाने घासली. पक्का रंग आहे.

९ मार्च, शनिवार.
मालक आमच्या खात्यात आले. हात पुढे केला, मी डावा दिला. जरा विचित्र दिसलं, पण निभावलं. घाम फार येतोय का, असं विचारलं त्यांनी. पंखा लांब आहे म्हणालो.
अंगात कणकण. हवा बदलतेय.
संकल्प: सोमवारपर्यंत उतार पडला नाही, तर सिस्टरला सहज जाता जाता दाखवायचं. तक्रार म्हणून नाही.

१४ मार्च, गुरुवार. हॉस्पिटल.
डाव्या हाताने लिहितोय.
रविवारी चहाचा कप हातातून पडला आणि मला कळलंच नाही. बायकोने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी लागलं? काल, म्हणालो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे कालचं नाही. त्याच दिवशी आला असतात तर जखम धुऊन, इंजेक्शन देऊन घरी पाठवलं असतं." शुगर किती, तेही सांगितलं. मी छताकडे बघत होतो.
दोनदा चिरा देऊन बघितलं. मंगळवारी बोट काढलं.
हात वाचला. सगळे तेच म्हणतायत, मीही म्हणतो.

१६ मार्च, शनिवार.
लांब्या आला होता. मालकांनी भरपाईचं सगळं करायला सांगितलंय म्हणाला. फोरमन कोण, ते मी विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही. बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत बसला. मग म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला दंडाला धरून न्यायला हवं होतं. तुम्ही चिडाल म्हणून राहिलो."
चिडलोच असतो, म्हणालो. तोंड फिरवून डोळे पुसले त्याने. त्याची समजूत घालता घालता मलाच धाप लागली.
आता कापडाखालची गाठ चाचपायची कशाने, हे विचारायचं मनात होतं. राहिलं.

२१ मार्च, गुरुवार. घरी.
डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव सुरू केला. आठवड्यात जमेल. पहिलं बटण लागलं, तेही चुकीच्या काजात.
बायको आली. ते सोडवलं आणि खालून वर एकेक लावत गेली. डोकं खाली. तिच्या भांगात इतके पांढरे केस कधी झाले, लक्षातच आलं नव्हतं. शेवटच्या बटणाला हळूच म्हणाली, "मला तरी सांगायचंत."
गळ्याशी घट्ट लावलंस, म्हणालो.
तिने लगेच सैल केलं.
घट्ट नव्हतं.