डोलकाठीत अडकलेली दोन्या इर्मा

सान फेर्नांदो,
बुधवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप एवारिस्तोदादास,

धाकट्या ओफेलियाचा, नवऱ्याच्या नकळत पण देवाच्या साक्षीनं, वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचं पित्त? नेकोचेआचा वारा अजून तुमच्या छपराचे पत्रे उचकटतो का, की तुला घाबरून त्यानंही गाव सोडलं? (राग मानू नकोस. चार वर्षं तुझी थट्टा करायला मिळाली नाही, बरीच साठली आहे.) फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला "मी सांगितलं होतं" म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे नोर्बेर्तो शेजारच्या खोलीत कमरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवून पालथा पडलाय आणि मधूनमधून कण्हत विचारतो, "ओफेलिया, कुणाला लिहितेस गं एवढं?" मी सांगते, गॅस कंपनीला. गॅस कंपनीला इतकं लांब पत्र कोण लिहितं, असा प्रश्न त्याच्या डोक्यात येत नाही. याच डोक्यानं त्यानं होडी घेतली.

'दोन्या इर्मा' तुला आठवत असेलच. (होडीबद्दल बोलतेय. त्याच नावाच्या सासूबाईंना विसरणं कुणालाच शक्य नाही.) आयुष्यभर फरश्या विकून जे काही जमलं ते या माणसानं तिच्यात घातलं, आणि का, तर तिचं शीड चारचौघांच्या शिडासारखं दोरानं वर चढत नाही की खाली उतरत नाही. ते डोलकाठीच्या पोटात, आतल्या सळईभोवती गुंडाळून बसतं. एक दोर ओढला की फटीतून बाहेर, दुसरा ओढला की आत. आडव्या दुकानाचं शटरच म्हण ना. होड्यांच्या क्लबात जो भेटेल त्याला नोर्बेर्तो सांगायचा, "एका बोटानं! तुम्ही घाम गाळा, मी एका बोटानं शीड आवरतो आणि दुसऱ्या हातात माझा माते चहाचा तुंबा असतो." मला तर सासूबाईंचं नाव तिला फारच शोभून दिसायचं. त्यांच्याही पोटात गेलेलं कधी बाहेर आलं नाही.

आणि मग तू. चार वर्षांपूर्वी, एकोणतीस तारखेला, दर महिन्याच्या रिवाजाप्रमाणे सगळं घर बटाट्याच्या न्योकी खायला बसलंय, नोर्बेर्तो फुशारक्या मारतोय, आणि तू तोंडात घास असताना म्हणालास, "या शिडाचं पोट सुटलंय, नोर्बेर्तो. सुटलेलं कापड त्या अरुंद फटीत एक दिवस दुमडून बसेल. आणि बसेल तेही लोकांसमोर." आता हे तू शिडं शिवणारा म्हणून सांगितलंस. कापड बोटात धरून सांगितलंस. पण तोवर तुझी ख्याती झालेली होती. दाताच्या डॉक्टराला, त्या सुनिनोला, तू म्हणाला होतास की शिवण कुजली आहे, फाटेल; ती फाटली. क्लबाच्या प्रमुखाला, कमोडोर बाल्दोमेरोला, म्हणालास दोर झिजलाय, तुटेल, तुटला. यात दोष कुजलेल्या शिवणीचा नाही, झिजलेल्या दोराचा नाही, वर्षानुवर्षं शिडाला गोडं पाणी न दाखवणाऱ्या मालकाचा तर मुळीच नाही. दोष तुझ्या काळ्या जिभेचा! झालं. एकदा का माणूस पनवती ठरला की आपल्याकडे त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि चुकून कुणी घेतलंच तर सगळ्या पुरुषांनी पँटच्या डाव्या बाजूला जिथं हात न्यायचा नाही तिथं न्यायचा. (बायकांनी डाव्या छातीला लावायचा असतो. मी लावत नाही. मला तुझं नाव घेताना दोन्ही हात कमरेवर ठेवायला आवडतात.) तू बाबांच्या शिडांच्या कारखान्याला कुलूप लावलंस आणि वहिनीच्या गावी निघून गेलास. त्यानंतर क्लबातली शिडं फाटायची थांबली नाहीत, पण आता ती 'जुनी झाली म्हणून' फाटतात. अर्थात तुझी जीभही काही साखरेत घोळलेली नव्हती. बाल्दोमेरोच्या बायकोला त्याचं शीड दाखवून "हेही तुमच्या यजमानांसारखंच, लांबून ताठ दिसतं" असं म्हणायची काही गरज नव्हती.

तर गेल्याच्या मागच्या रविवारी क्लबाचा वाढदिवस होता. फादर छोट्या मचव्यात उभे राहून सगळ्या होड्यांवर तीर्थ शिंपडणार, होड्या एकामागून एक त्यांच्यासमोरून जाणार, आणि मंडळी व्हरांड्यात बसून पावात घातलेले सॉसेज खाणार, असा थाट. नोर्बेर्तोनं पांढरी पँट चढवली. फादरांच्या बरोबर समोर यायचं आणि एका बोटानं शीड आत घ्यायचं, असा त्याचा बेत होता (देवालाही दिसावं म्हणून). आला. बोट लावलं. शीड अर्धं आत गेलं आणि थांबलं. दुसरं बोट लावलं, मग हात, मग दोन्ही हात, मग पाय डोलकाठीला टेकवून सगळा नोर्बेर्तो लावला. शीड आत जाईना, बाहेर येईना. अर्ध्या शिडात वारा मात्र पुरता भरला होता. 'दोन्या इर्मा' फादरांच्या मचव्याला घासून गेली, फादर तीर्थाच्या बादलीत बसले, आणि होडी सरळ येऊन व्हरांड्यासमोरच्या चिखलात रुतली, ती भरती येईपर्यंत. म्हणजे सगळ्यांची जेवणं, कॉफी आणि केक होईपर्यंत. लोकांनी खुर्च्या वळवून घेतल्या. मी व्हरांड्यातून त्याला हात केला, पण त्यानं ओळख दाखवली नाही.

तिथून पुढं क्लबातली विद्वत्ता उसळली. या देशात प्रत्येक माणूस जन्मतःच डॉक्टर, फुटबॉलचा प्रशिक्षक आणि शिडांचा जाणकार असतो, हे तुला माहीतच आहे. सुनिनो म्हणाला, दाढ अडकते तसं आहे हे, हलवून हलवून ओढा. ओढलं, तर दोराचं साल निघालं. कुणी फटीत साबण घातला, कुणी ऑलिव्हचं तेल. आता पाऊस पडला की डोलकाठीला फेस येतो आणि दोन दिवस सॅलडचा वास येतो. शनिवारी पाच जणांनी चरखीवर दोर चढवून एकदम जोर लावला. घडी आणखी घट्ट बसली आणि कमोडोर बाल्दोमेरो बुडावर. मग ठरलं की वरून बघायला हवं. नोर्बेर्तोला झोळीत बसवून डोलकाठीवर चढवलं. तो वर पोचला आणि खालून कुणीतरी ओरडलं, "मांस करपतंय रे!" पाचही जण शेगडीकडे धावले. एक जण दोर बांधून गेला एवढं नशीब. नंतर मांस चांगलं झालं की नाही यावर वाद लागला. नोर्बेर्तो वर टांगलेला. त्याच्या ओरडण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण क्लबात तो नेहमीच ओरडून बोलतो. खाली उतरवला तेव्हा त्याची कंबर गेली होती आणि त्याच्या वाट्याचं मांसही.

इथवर मी हसत होते, खोटं कशाला सांगू. पण मग बाल्दोमेरोनं निरोप पाठवला. आग्नेयेकडून सुदेस्तादाचं वादळ सुटलं की नदी धक्क्यावर चढते. त्यात अर्धं शीड उघडं असलेली होडी दोर तोडून निघणार आणि शेजारच्या चार होड्यांचा भुगा करणार. तेव्हा तीस तारखेच्या सोमवारपर्यंत शीड उतरवा, नाहीतर आम्ही सुऱ्यानं कापून काढू आणि होडीही क्लबातून काढू. दादा, नोर्बेर्तोनं तो निरोप ऐकला आणि काही बोललाच नाही. चाळीस वर्षांत मी त्याला गप्प बसलेला पहिल्यांदा पाहिला. मला त्याची कीव आली. एक तुंबा माते पिऊन होईपर्यंत टिकली, पण आली.

आणि आता खरी गंमत. अडकलेलं शीड कुणाला काढता येईल हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाव घेणार कोण? रविवारच्या बैठकीत तासभर सगळे "कुणाला तरी विचारायला हवं" म्हणत छताकडे बघत बसले. सोमवारी जेवताना नोर्बेर्तो सुपात बघत म्हणाला, "एक माणूस आहे."

"कोण?"

"तो."

"तो म्हणजे? नदीच्या दोन्ही काठांवर पुष्कळ 'तो' आहेत."

"तुझ्या आईचा मुलगा."

"अगं बाई, माझ्या आईला मुलगाही होता? चार वर्षांत मला कुणी बोललं नाही."

त्यानं डोळे मिटले, टेबलाखाली डावा हात योग्य ठिकाणी नेला आणि म्हणाला, "एवारिस्तो." त्याच झटक्यात सूप सांडलं. म्हणजे बघ, तुझी ताकद अजून शाबूत आहे.

क्लबाच्या अटी अशा: तुझी नजर कुणाला बाधू नये म्हणून तू मनगटाला लाल दोरा बांधून यायचं. धक्क्यावर कुणाशी बोलायचं नाही. हवा, दोर, शिवण आणि पुढच्या शनिवारच्या सामन्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्यांच्या होड्यांकडे बघायचं नाही. बघितलंच, तर भुवया उंचावायच्या नाहीत. हे सगळं बाल्दोमेरोनं मला अगदी नम्रपणे सांगितलं, आणि मीही तितक्याच नम्रपणे सांगितलं की तुमच्या अटी तुमच्या शेगडीत घाला. माझ्या अटी मी नवऱ्याला सांगितल्या. शनिवारी रेतीरोच्या बस अड्ड्यावर त्यानं स्वतः यायचं, आणि गर्दीत तुझ्या नावानं मोठ्यानं हाक मारायची, दोन्ही हात वर करून. रविवारी एकोणतीस आहे. सकाळी शीड, दुपारी न्योकी. तू माझ्या शेजारी बसायचं, आणि तुझ्या तोंडातला घास संपेपर्यंत बाकी कुणी बोलायचं नाही. तो सगळ्याला हो म्हणाला. कंबर धरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

येशील ना? तू किती मानी आहेस हे मला माहीत आहे. पण दादा, चार वर्षं मी त्या टेबलावर एक ताट कमी मांडते आणि दर वेळी आधी चुकून पुरी ताटं काढते. आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

वहिनीला नमस्कार, आणि तिलाही घेऊन ये.

तुझी, कधीही लाल दोरा न बांधलेली,
ओफेलिया

ता. क. रविवारपर्यंत वारा पडलेलाच राहणार आहे, रेडिओवर सांगितलं. असलं शीड पुरतं उघडल्याशिवाय उतरत नाही आणि वाऱ्यात उघडता येत नाही, हे मी तुला काय सांगायचं. शनिवारची बस चुकवू नकोस.

ता. क. २. हातशिलाईच्या सुया आण. शीड उतरलं की गंभीर चेहरा करून सांग की याचं पोट कापून सपाट करायला हवं, वरच्या फिरकीला वंगण हवं, डोलकाठी आतून धुवायला हवी (साबण आणि ऑलिव्ह तेल!), आणि हे सगळं किमान तीन आठवड्यांचं काम आहे. मागची खोली मी झाडून ठेवली आहे.

ता. क. ३. हे वाचून झालं की पत्र जाळ. नोर्बेर्तोनं "हो" म्हटलं खरं, पण मला झोप येईना. तू चार वर्षांनी येणार, सगळा क्लब धक्क्यावर उभा राहणार, आणि नेमकं तेव्हा ते निघालं नाही तर? म्हणून काल सकाळी मी एकटीच गेले. मंगळवारी क्लबात चिटपाखरू नसतं. बाबांच्या कारखान्यात तुझ्या बरोबरीनं मीही शिडं शिवली आहेत, हे या घरात कुणाच्या लक्षात नाही. वर ओढणारा दोर वीतभर सैल केला, आडवा दांडा थोडा उचलून बांधला, आणि बाहेर ओढायच्या ऐवजी आधी थोडं आत जाऊ दिलं, घडी हातानं सपाट करत करत. दादा, ते अख्खं शीड पडद्यासारखं उघडलं. एक सुरकुती नाही, वाऱ्याची झुळूक नाही. मी खाली बसून थोडी रडले.

मग ते पुन्हा ढिलं गुंडाळलं, घडी होती तिथंच घातली, आणि होतं तसं अडकवून ठेवलं. रविवारी घाई करू नकोस. एकदोनदा मान हलव, निदान तासभर तरी लाव. शीड काय, मीही उतरवलं असतं, पण मग तुझं नाव घ्यायची त्यांच्यावर वेळच आली नसती.