तिसऱ्या अंकातली मुलगी

३ जून

चि. बंड्यास, अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. ग्रंथालयात शिवणीला आलेल्या पुस्तकांचा ढीग, आणि घरी बाबा. त्यांच्या अंगावरून वारं गेल्याला आता सहा वर्षं झाली.

परवा शिवण उसवलेली एक नवी कादंबरी हाती आली. जेवणाच्या सुट्टीत सहज उघडली आणि डबा तसाच राहिला. त्यातली अभिनेत्री एका जुन्या शोकांतिकेत राजकन्येचं काम करते. तिसऱ्या अंकात सगळे पळतात, ती मात्र म्हाताऱ्या राजापाशी थांबते आणि मरते. प्रयोग संपवून अभिनेत्री घरी येते, तर तिथेही आजारी बाप. टाळ्या सगळेच वाजवतात, पण तू जा असं तिला कुणी म्हणत नाही. वाचताना रडले रे.

मध्यवर्ती ग्रंथालयानं मला जुन्या हस्तलिखितांच्या कामावर सहा महिन्यांसाठी शहरात बोलावलंय. एक जुलैला हजर व्हायचं. बाबांना बोलले नाही. तेवढे दिवस त्यांच्यापाशी येऊन राहशील?

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझी ताई

११ जून

ती. ताईस, शि. सा. न.

पुस्तकातल्या बाईसाठी रडतेस, या भावासाठी कधी रडलीस? चेष्टा केली हं. रजा मिळणं अवघड आहे. शिवाय तुझ्यासारखं मला जमणार नाही. पुढच्या वर्षी नक्की बघू. तोवर असली पुस्तकं वाचू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

बंड्या

२० जून

चि. बंड्यास, अ. उ. आ.

काय वाचतेस असं बाबांनी विचारलं, म्हणून रोज संध्याकाळी कादंबरी वाचून दाखवली. शेवटाला त्यांनी थांबवलं. जड जिभेनं म्हणाले, “पोरीला जा म्हणावं, हे त्या राजाला फार उशिरा कळलं. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, भीतीपोटी गप्प बसलो.” मग मी त्या बोलावण्याचं सांगितलं, तर समोर बसवून मला होकार लिहायला लावला आणि लगेच टपालपेटीत टाकून ये म्हणाले. परतले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

तू आला नाहीस तर माझा पाय निघणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. शनिवारी ये. बाबांची कूस कशी बदलायची ते दाखवते.

ताई

९ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

बिनपगारी रजा काढून आलो खरा, पण बाबांना उचलून माझी पाठ मोडली. सहा वर्षं तू हे एकटीनं केलंस आणि मी पत्रातून थट्टा करत बसलो.

तुला गाडीत बसवून आलो, तेव्हा बाबांनी विचारलं की ताईनं मागे वळून पाहिलं का. नाही म्हणालो. खोटं बोललो. मग ते पोटभर जेवले.

तुझा बंड्या