तक्त्याच्या शेवटच्या चार ओळी

५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामीनं तुमचा फोन कपाटात कोंडलाय, म्हणून पत्र. छातीत दुखायचं थांबलं का? तिच्याशी हुज्जत घालू नका, मुकाट्यानं पडून राहा.

मामा, कारखान्यातला तो लोखंडी माळा का कोसळला ते मला सापडलं. काल ऑफिसात हिशोबाची फाइल उघडली. तुम्हाला तक्ता आठवत असेलच, एकेका तुळईची एकेक ओळ, भार किती आणि पेलते किती. तक्ता एका पानात बसला नाही तर तुम्ही सही करत नाही. म्हणून मी त्याची खालची कड माऊसनं वर ओढून ठेवली होती. शेवटच्या चार ओळी दिसेनाशा झाल्या. तेव्हा त्या ठीक होत्या हो! मग कारखान्यानं माळ्यावर मोठी टाकी मागितली. मी वर नवं वजन घातलं, सॉफ्टवेअरनं सगळे आकडे आपोआप बदलले. दिसत होत्या तेवढ्या ओळी पास होत्या. तेच छापलं, तेच तुम्ही पाहिलंत. काल कड खाली ओढली तर चारही तुळया नापास. त्याच तुटल्या, मामा.

तो वेल्डर बरोबर त्यांच्याखाली होता. माझ्यामुळे मेला तो. सोमवारी चौकशी आहे. काय करू सांगा.

तुमची
खारूताई

८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं आधी वाचलं. या घरात टपालसुद्धा तिच्याकडून पास होऊन येतं. वाचून रडली, मग मला दिलं.

आता नीट ऐक. तू चकार शब्द काढायचा नाहीस. सोबत कागद जोडलाय. त्या चार ओळी मी स्क्रीनवर पाहिल्या होत्या आणि चालतील म्हणून सोडल्या, असं त्यात लिहिलंय. तो चौकशीवाल्यांकडे पाठवून दे आणि तू घरीच थांब. सही माझी आहे ना? माझं काय, परवाना गेला तरी आता असे किती दिवस राहिलेत. तुझं अख्खं आयुष्य पडलंय. तुझी आई तुला माझ्या पदरात टाकून गेली, तिला काय तोंड दाखवू?

आणि एका पानाचा हट्ट माझाच. तुझा लांबलचक तक्ता मी सगळ्यांसमोर भिरकावला होता, म्हटलं, हे काय वाण्याचं बिल आहे का. फार वाईट वाटतं गं. शहाणी असशील तर मामाचं ऐक.

तुझा
मामा

१३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, हवं तितकं रागवा. तुमचा कागद मी दिला नाही. पाहूनही सोडलं म्हटल्यावर, जाणूनबुजून माणूस मारला असाच अर्थ झाला असता. तुम्हाला या दुखण्यात तुरुंगात धाडून मी कुठे सुखानं जगणार होते? शिवाय ते खोटं ऐकायला वेल्डरची बायको समोर बसली होती.

मी सगळं सांगितलं. एका पानाचंही सांगितलं, माफ करा. माझा परवाना जमा करून घेतलाय, पुढचं कोर्टात. तुम्हालाही बोलावतील.

त्यांनी फाइल मोठ्या पडद्यावर लावली होती. मी तक्त्याची कड धरून खाली ओढली, चार ओळी बाहेर आल्या. मग वेल्डरची बायको उठून माझ्याजवळ आली. आकडे तिला कळले नव्हते. तिनं विचारलं, की एवढंसंच ओढायचं होतं का. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मी तक्ता पुन्हा वर सरकवला आणि परत ओढला. तिनं आणखी एकदा सांगितलं. मी आणखी एकदा ओढला.

औषधं चुकवू नका. लोभ ठेवा म्हणायला आज जीभ रेटत नाही, पण तुमच्याशिवाय मला आहे तरी कोण.

तुमची
खारूताई