दोघांची बाळंतपणाची रजा

बाबा,

काल दुपारी माझ्या जुन्या शाळेतली एक तरुण शिक्षिका घरी येऊन गेली. आठवा महिना लागलाय तिला, पहिलंच बाळ. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी या मुली अधूनमधून येतात, चहा घेतात, शाळेतल्या कुरबुरी सांगतात. बोलता बोलता ती म्हणाली, "बाई, मी तर अगदी शेवटच्या दिवसापर्यंत शाळेत जाणार. रजेचा एकही दिवस आधी वाया घालवायचा नाही." 'वाया' हा शब्द ऐकला आणि मला हसू फुटलं. हाच शब्द मी तुम्हाला ऐकवला होता, सानगडीच्या शाळेच्या व्हरांड्यात, चौथीच्या पोरांसमोर. मग मी तिला सगळी हकिकत सांगत बसले. ती हसली, थोडी रडली, उशीर झाला म्हणून उठून गेली. ती गेल्यावर मला वाटलं, हे सगळं सांगायचं होतं ते खरं तुम्हाला. तुम्ही असताना ते जमलं नाही. आपल्या घरात जेवलीस का, पोचलीस का, यापुढे बोलणं जातच नसे.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, यांची नोकरी सानगडीच्याच सोसायटीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण माझ्या माहेरी बाई कुठं होती? आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. धाकटा भाऊ नागपूरला वसतिगृहात. सासूबाईंना गुडघ्यांनी बसवून ठेवलेलं, त्या स्वतःच दुसऱ्यांच्या हातचं खात होत्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की शेवटपर्यंत शिकवायचं आणि रजा सगळी बाळासाठी राखायची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी फळ्यावर भागाकार मांडत होते आणि खिडकीतून पाहिलं तर व्हरांड्यात तुम्ही. पांढरं धुतलेलं धोतर, पायाशी पिशवी, काखेत गुंडाळलेली गोधडी. घंटा होईपर्यंत तुम्ही हललाही नाहीत.

"मी तुले न्यायले आलो," तुम्ही म्हणालात.

"बाबा, अजून महिना आहे. आत्तापासून रजा वाया कायले घालवू? मले शिकवता येते."

"तुले येते. मी नाही कुठं म्हणतो? पण मी रजा टाकून आलो."

"तुम्ही कायची रजा टाकली?"

"बाळंतपणाची."

हेडमास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला. तुम्ही जंगल खात्याच्या डेपोत चौकीदार, उभ्या नोकरीत तापातही घरी न राहिलेले. आणि तुम्ही अगदी गंभीरपणे सांगत होतात, की साहेबानं अर्ज वाचून विचारलं, "बाळंतपण? कोणाचं?" तर तुम्ही म्हणालात, "माझ्या पोरीचं, साहेब. घरात बाईमाणूस म्हणाल तर मीच आहो." साहेब इतका हसला म्हणे, की बाजूच्या खोलीतला कारकून पाहायला आला. पण हसता हसता त्यानं सही केली. हेडमास्तरांनीही मग फार वेळ घेतला नाही. "जा पोरी," ते म्हणाले, "तिकडं साहेबानं सही केल्यावर मी एकटा आडवा येऊन काय करू?"

एस.टी.त तुम्ही ती गोधडी चार पदरी करून माझ्या सीटवर घातलीत. साकोलीला गाडी बदलली, भंडाऱ्याला बदलली, तुमसरला बदलली, आणि प्रत्येक वेळी तुम्ही आधी चढून ड्रायव्हरला सांगून यायचात, "भाऊ, गड्ड्यातून हळू घेजो, आमची बाई दोन जिवाची आहे." तुमसरहून निघालेल्या गाडीत तर साऱ्या प्रवाशांना माझा कितवा महिना ते ठाऊक झालं होतं. एका म्हातारीनं मला पेरू दिला. मी लाजेनं खिडकीबाहेर पाहत राहिले. कापणीला आलेले धान, मध्येच तळ्याचं पाणी, आणि मग आंबागडची टेकडी. माझ्या मनात त्या क्षणी एकच विचार होता, घरी गेल्यावर आधी चूल सारवावी लागेल.

पण चूल सारवलेली होती. घरात पाऊल टाकलं तेव्हा मला आपलं घर ओळखूच आलं नाही. मसाल्याचे डबे मी लग्नापर्यंत बारा वर्षं ज्या फळीवर ठेवले, तिथून ते खाली आले होते. तिखट-मिठाच्या जागा उलट्या झाल्या होत्या. पलीकडच्या घरातली मोठीमाय, जिनं निम्म्या गावाच्या बाळंतपणांत सुइणीचं काम केलं होतं, दारात उभी राहून म्हणाली, "एक महिना झाला, तुझा बाप माझ्याजवळ सैपाक शिकून राहिला. पोळीचा नकाशा होते, पण भाकर बरी थापते." तुम्ही तिच्याकडे न पाहता पाण्याचा लोटा माझ्या हातात दिलात.

पहिले तीन दिवस मला धड बसता आलं नाही. मी कपडे घडी केले, पुन्हा उलगडून पुन्हा घडी केले. भांडी तुम्ही घासली की मी ती गुपचूप विसळून काढायची. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. चौथ्या सकाळी तुम्ही गोठ्यात गेला असताना मी वरणाचं पातेलं उघडलं. डाळ अर्धी कच्ची. मी चुलीपुढे बसले, लाकूड पुढे सारलं, आणि तेवढ्यात तुम्ही दारात.

"उठ तिथून."

"बाबा, वरण कच्चं आहे."

"असू दे. उठ म्हणतो ना."

तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मलाही राग आला. पाय सुजलेले, पाठ दुखत होती, आणि माझ्याच स्वयंपाकघरातून मला कोणी उठवत होतं. मी बोलून गेले, "तुम्हाले येत नाही तर करता कायले? हे काम माझं आहे. आई गेल्यापासून माझंच आहे."

तुम्ही दाराची चौकट धरून खाली बसलात. जमिनीकडे पाहत म्हणालात, "तुझं काहून झालं ते? अकरा सालाची होती तू. मले कोणी सांगतलं नव्हतं, की पोरीले चुलीपाशी बसव. मले सोपं पडलं, म्हणून मी बसवलं." आणि थोड्या वेळानं, "त्यानंतर तुले खेळताना मी पाहिलंच नाही. आता लेकरू आलं की पुन्हा तुले फुरसत भेटत नाही. हा एक महिना मले पाहू दे."

डाळ करपायला लागली होती. "मंग वरणाचं काय?" मी विचारलं. "मी आहो ना," तुम्ही म्हणालात, आणि हात धरून मला उठवलंत. त्या दिवशी आपण दोघांनी कच्चं आणि करपलेलं असं दोन्ही चवींचं वरण खाल्लं. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण मी त्यानंतर त्या चुलीपुढे बसले नाही.

आणि मग बाबा, जे दिवस सुरू झाले! अंगणात तुम्ही खाट टाकून देता, ऊन सरकतं तशी खाट सरकवता. मी सकाळी दहा वाजता झोपते, लाज न वाटता झोपते. तळ्यावरची बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन येते. तुम्ही सुपारीच्या सरोत्यानं एकेक सोलता, काटे टोचून बोटं लाल होतात, आणि मी पांढरेशुभ्र शिंगाडे एकामागून एक तोंडात टाकत साहेबाच्या बंगल्यातून तुम्ही मागून आणलेले जुने दिवाळी अंक वाचते. अर्धी गोष्ट वाचून डोळा लागतो, जागी झाले की उरलेली वाचते. दुपारी तुम्ही समोर बसून तुमच्या जुन्या मऊ धोतराची दुपटी फाडता, कडेला टाके घालता. सुई ओवताना तोंड असं वाकडं करता, की मी पोट धरून हसते, आणि तुम्ही घाबरून म्हणता, "हळू हास, हळू हास, आत लेकरू दचकेल."

एकदा तुम्ही बावनथडीच्या पात्रातून पाच गुळगुळीत गोटे आणून माझ्या खाटेवर ठेवलेत. गल्लीतल्या मुलींनी ते पाहिले आणि त्या सागरगोट्यांचा डाव मांडायला जमल्याच. मी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, त्यांच्यात बसले. पहिल्याच डावाला गोटा उडवला तो सरळ माझ्या पोटावर पडला. "मास्तरीणबाई, तुमचं पोटच झेल घेऊन राहिलं!" एक पोरगी ओरडली, आणि सगळ्या लोळल्या. तिसऱ्या दिवशी मला हात सापडला. डाव जिंकला तेव्हा मी आरोळी ठोकली, शाळेतल्या मास्तरणीला न शोभणारी. वळून पाहिलं तर तुम्ही दारात उभे होतात, हातात पिठाचं ताट, दाढीला पीठ लागलेलं, आणि किती वेळ उभे होतात कोण जाणे.

आणि मंडई! दिवाळीनंतर आपल्या गावात मंडई म्हणजे जत्राच भरायची, दुपारभर दंडार, नाचगाण्याचा खेळ, चालायची, साऱ्या गावाचे पाहुणे यायचे. लग्नापर्यंत दरवर्षी मी ती मंडई चुलीपाशी बसून ऐकली होती. ढोलकी कानावर यायची आणि हात पुऱ्या लाटत असायचे. त्या वर्षी तुम्ही पाहुण्यांना आधीच सांगून टाकलंत, की यंदा आमच्या घरी जेवण नाही. शेजारच्या गुरुजींकडून लाकडी खुर्ची मागून आणलीत आणि ती डोक्यावर घेऊन भर गावातून माझ्यापुढे चालू लागलात. लोक विचारायचे, "चौकीदार, खुर्ची कोठं नेऊन राहिले?" तुम्ही मान न वळवता सांगायचात, "आमच्या बाईसाहेबासाठी." मी मागून पदर सावरत, दोन हातांनी पोट धरत चालले होते आणि मला वाटत होतं, आमदारीणसुद्धा अशी आली नसेल. अगदी पुढे खुर्ची मांडलीत. दंडारीत बाईचा वेश घेतलेल्या गड्यानं माझ्याकडे पाहून नाचता नाचता नऊ महिन्यांची चाल करून दाखवली. अख्खी मंडई हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. गरम जिलबीचा द्रोण तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलात. पोटातलं बाळ ढोलकीबरोबर लाथा मारत होतं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. मोठीमायनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यानं होईल, पण पहिलं आहे. तुमसरच्या दवाखान्यात ने." साहेबानं जीप पाठवली. तुम्ही मागे बसलात, पिशवी छातीशी धरून. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "सोबत बाई कोण आहे?" मोठीमाय बोलायच्या आत तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "मी." नर्सनं तुमच्या मिशांकडे पाहिलं. मला इतक्या कळांतही हसू आलं. तुम्हाला बाहेरच बसवलं आणि मोठीमाय आत आली, पण दर थोड्या वेळानं दारावर टकटक व्हायची आणि नर्स म्हणायची, "आजोबा, झालं की सांगू ना!" ऊन कलायच्या आधी मुलगी झाली. धोतराच्या दुपट्यात गुंडाळून ती तुमच्या हातात दिली, तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाहून अगदी हळू म्हणालात, "मी तुझा आजा. आजीबी मीच." आणि मग तुम्ही मोठ्यानं रडलात, व्हरांड्यातल्या साऱ्या लोकांदेखत.

तुमची रजा आधी संपली, माझी नंतर. मी मुलीला घेऊन सानगडीला परतले तेव्हा पुन्हा तीच गोधडी, तेच ड्रायव्हरला सांगणं. पुढे दुसरं बाळंतपण झालं, बदल्या झाल्या, घर बांधलं. तेवढी फुरसत मला पुन्हा कधी मिळाली नाही, तुम्ही म्हणाला होतात तसंच. पण शाळेतून थकून आल्यावर पाच मिनिटं नुसतं उन्हात बसायचं आणि त्याची लाज बाळगायची नाही, एवढं मला त्या महिन्यानं कायमचं दिलं. नात चौथीत असताना तुम्ही गेलात. तिला तुमच्या मिशा आठवतात, बाकी फारसं नाही. बाकी मी सांगते.

काल त्या मुलीला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. त्या महिन्यात गावातल्या बायका मला बघायला यायच्या आणि डोळे पुसत म्हणायच्या, "आज तुझी माय असती तर!" मीही मान खाली घालायची, डोळ्यांना पदर लावायची. तो पदर खोटा होता, बाबा. डोळे कोरडे असायचे. चौदा वर्षं मला रोज आई आठवली होती, आणि त्या एका महिन्यात ती मला एकदाही आठवली नाही. तेव्हा ते मला पाप वाटलं, म्हणून मी तुम्हाला बोलले नाही. आता मलाच वाटतं, की तुम्हाला ते कळायला हवं होतं. पत्र पूर्ण झालं. पाकिटावर काय लिहायचं ते ठाऊक नाही, म्हणून हे असंच घडी करून साड्यांखाली ठेवते.