हलकं पेडल

प्रिय भिंगरी,

बेअरिंगच्या पार्सलात तुझी चिठ्ठी निघाली. तू नोकरी करतेस त्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या पावतीमागे लिहिलेली, जेमतेम पाच ओळींची. एका ग्राहकाची गाडी सोमवार ते शनिवार ऑफिसला जाते आणि रविवारी ट्रॅकवर, इंजिनाची ताकद त्याने वाढवून घेतली आहे, तर क्लच कोणता बसवावा, तुम्ही सांगाल ते त्याला लिहून देते. तुम्ही! पूर्वी भर गिऱ्हाइकांसमोर तू मला 'अरे बाबा, तुला काही कळत नाही' म्हणायचीस आणि आई आतून डोळे वटारायची. आता 'तुम्ही' झालं. हा आदर मला कधीच नको होता, पण तो मीच ओढवून घेतला आणि कसा, तेच आज लिहायला बसलोय. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्यावर येतो आणि 'बरी आहेस ना' म्हणून फोन ठेवतो, हे तुलाही ठाऊक आहे. जॉबकार्डापलीकडे मी जन्मात काही लिहिलेलं नाही. दुपारची वेळ आहे, गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलंय. वाचून झाल्यावर मला बाबा म्हणायचं की नाही ते तू ठरव, पण मधेच सोडू नकोस, एवढंच मागतो.

आधी तुझ्या ग्राहकाचं. त्याला म्हणावं, रस्त्यालाही चालेल आणि ट्रॅकलाही चालेल असा क्लच म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. कुठलं तरी एक घर निवडावं लागतं. साध्या, मऊ लायनिंगची प्लेट सिग्नलला सुतासारखी सरळ वागते, पाय दुखत नाही, गाडी धक्का देत नाही. पण ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या जोरात मारल्या की तापते, घसरते आणि शेवटी जळते. सिरॅमिकची बटणं असलेली प्लेट आणि सोबत तिला दाबून धरणारी कडक प्रेशर प्लेट घेतली की ट्रॅकवर पकड सुटत नाही. पण गर्दीत ती माणसाची परीक्षा बघते. एक तर पकडते नाही तर सोडते, अधलंमधलं काही नाही. गाडी थरथरते, चढावर बंद पडते, पेडल असं जड की डावा गुडघा घरी येईपर्यंत बोलायला लागतो. आणि इंजिनाला झेपेल त्यापेक्षा कडक घेतलास तर नाकापेक्षा मोती जड. क्लच टिकतो आणि गिअरबॉक्स मोडतो. त्याची गाडी सहा दिवस सिग्नलला उभी राहणार, तेव्हा त्याने चांगल्या प्रतीचं लायनिंग आणि थोडी वरच्या ताकदीची प्रेशर प्लेट घ्यावी. बसवल्यावर सातशे किलोमीटर गावातच सांभाळून चालवून प्लेट घासून नीट बसू द्यावी, मग काय ते रविवार करावेत. हे सगळं तुलाही येतं. तरी मला विचारलंस, याचा मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

इकडचं म्हणशील तर सांगण्यासारखं फार नाही. लिफ्टचा एक खांब कुरकुरतो, म्हणून जड गाड्या घेत नाही. शेजारचा पेंटर तू येणार का म्हणून दर महिन्याला विचारतो आणि मी दर महिन्याला 'बघू' म्हणतो. नव्या बॅटरीच्या गाड्या दारावरून आवाज न करता जातात. त्यांत क्लचच नसतो. ज्या कामात हात काळे केले ते कामच गाड्यांतून काढून टाकलंय, त्यामुळे गॅरेज कोणाला द्यायचं हा प्रश्नही आपोआप मिटला. आई म्हणाली, तूही आता ऑटोमॅटिक चालवतेस. दोनच पेडलं, डाव्या पायाला कामच नाही. ती हे सहज बोलली, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुला ते तीन दिवस आठवतात का? टेबलावर कॅटलॉग उघडा, तुझ्या हातात पेन्सिल, आणि आपण दोघं भांडतोय. तू तेव्हा त्याच गाडीने नोकरीला जायचीस आणि त्याच गाडीने ट्रॅकवर. मी म्हणत होतो मऊ घे, गुडघ्याची वाट लागेल. तू म्हणालीस, रस्त्यावर थरथरली तर मी सोसेन, पण ट्रॅकवर घसरली तर सगळं संपलं. रेसिंग संघाचा माणूस महिन्याभराने एका रविवारी ड्रायव्हर बघायला येणार होता, एकच जागा होती आणि ती तुझी आहे असं तुलाच काय, ट्रॅकवरच्या चहावाल्यालाही वाटत होतं. आई म्हणाली, ही तुमच्यावरच गेलीय, वाद घालून उपयोग नाही. मी हरलो. तुझ्या मनासारखा सिरॅमिकचा संच मागवला. खोका आला तेव्हा तू त्यावर जाड पेनने आपलं नाव लिहिलंस, जणू कोणी पळवून नेणार होतं.

पळवणारा घरातच होता. त्याच महिन्यात एक गाडी माझ्याकडे टो करून आली होती, मी स्वतः बांधलेली. वळणावर कठड्याला धडकली होती. चालवणारा पुन्हा कधी उठून बसला नाही. मी ती गाडी चार दिवस सुटी करत होतो, माझी चूक शोधत होतो. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, एकेक बोल्ट जागच्या जागी. कुठेही काही चुकलेलं नव्हतं. चूक सापडली असती तर मी तुझ्या गाडीत ती होऊ दिली नसती आणि निवांत झोपलो असतो. पण काहीच न चुकता माणूस असा होतो म्हटल्यावर मी करायचं काय? त्या दिवसापासून तू हेल्मेट उचललंस की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहायचो. बोललो असतो तर तू हसली असतीस, म्हणून मूग गिळून बसलो.

तू कामावर गेलेली असताना मी गिअरबॉक्स उतरवला आणि साधा, रस्त्यावरचा लायनिंगचा संच बसवला. ऐकलंस ना? तू निवडलेला क्लच तुझ्या गाडीत कधी बसलाच नाही. तू यायच्या आत बोल्ट आवळून, हात धुऊन, पेपर वाचत बसलो होतो. चार फेऱ्यांत क्लच घसरेल, गाडी मंदावेल, पोरगी चिडून पण धडधाकट घरी येईल, एवढा साधा हिशेब. संघाचा माणूस येणार हे मला ठाऊक होतं. विसरलो होतो असं लिहिणार नाही. ठाऊक असून केलं.

आणि तुला कळलं होतं, भिंगरी. पहिल्याच संध्याकाळी फेरी मारून आलीस, गाडी बंद केली आणि आत बसल्या बसल्याच विचारलंस, 'बाबा, पेडल हलकं नाही वाटत?' मी वर न बघता म्हणालो, 'तुझ्या पायात ताकद आलीय.' तू खूश झालीस. पुन्हा विचारलंस, ही थरथरत कशी नाही? मी म्हणालो, बसवलाय कोणी! हसलीस. मग ते सातशे किलोमीटर. पावसात, गर्दीत, कामावर जाता-येता, गरज नसताना गावाला वळसे घालून तू ती प्लेट जिवापाड सांभाळून बसवलीस आणि रोज येऊन फळीवरच्या त्या खोक्याच्या झाकणावर आकडा लिहिलास. चाळीस. पंच्याण्णव. एकशे साठ. शेवटी सातशे दहा, आणि पुढे लिहिलंस, 'थरथर अजिबात नाही. बाबाचे हात!' खोका रिकामा आहे असं तू धरून चाललीस. तुझा क्लच त्यातच होता. तीन आठवडे तू त्याच्यावर लिहीत होतीस आणि मी मागे उभा राहून बघत होतो. एकदाही तो उचलला नाहीस. कशाला उचलशील? बापाने सांगितलं की बसवला, म्हणजे बसवला.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत तू सगळ्यांच्या पुढे होतीस. मी कठड्याशी उभा होतो आणि देवाशप्पथ, मला अभिमान वाटत होता. चौथ्या फेरीत इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली. तू सरपटत आत आलीस, खालून धूर, जळका वास. संघाच्या माणसाने वाकून बघितलं आणि म्हणाला, काही जणांना डावा पाय क्लचवर ठेवून चालवायची सवय असते, मग तो जळतो. त्याने वही मिटली. तू माझ्याकडे बघितलंस. सगळ्या ट्रॅकवर तू फक्त माझ्याकडे बघितलंस, कारण क्लच कशाने जळला हे सांगू शकणारा तिथे मी एकटाच होतो. आणि मी म्हणालो, 'होतं असं. पुढच्या वेळी पाय उचलून ठेव.' प्लेट बदलली ती भीतीने. ती एखादे वेळी माफ होईल. हे वाक्य भीतीने नव्हतं. ते माझी अब्रू राखायला होतं.

मला वाटलं, आठवडाभर रडेल, मग सांगू. पण तू रडलीच नाहीस. हेल्मेट कपाटावर ठेवलंस, महिन्याभरात गाडी विकलीस, त्याआधी जळकी प्लेट मीच घाईने बदलून दिली होती आणि पुरावा मीच भंगारात टाकला होता. मग दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. दर वर्षी मी ठरवायचो की यंदा आली की सांगायचं. दर वर्षी तू पाहुण्यासारखी दोन दिवस यायचीस, माझ्या पाया पडायचीस, आणि मी आशीर्वाद देऊन कुठल्या तरी गाडीखाली सरकायचो. बुडत्याचा पाय खोलात. तेव्हा तू तेवीस वर्षांची होतीस, आता तीस. तुझ्याऐवजी ज्याला घेतलं तो आता दुसऱ्यांना शिकवतो. मी काय केलं तरी ती सात वर्षं परत येत नाहीत. हे मला कळतं. मी उगाच दिलासा शोधत नाही.

परवा तुझी चिठ्ठी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. ताट वाढते, चष्मा सापडत नसला की समोर आणून ठेवते. एकदाच बोलली, तेही भिंतीकडे बघून: पोरगी जिवंत राहावी म्हणून केलंत ना, मग बघा जाऊन, तिच्यातलं किती जिवंत राहिलंय.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. तुझ्या चिठ्ठीच्या चार ओळी ग्राहकाच्या होत्या. पाचवी तळाशी, बारीक अक्षरात: 'जरा सोसणारा क्लच सांगा, त्याचा डावा पाय माझ्यासारखा निघाला तर महिन्यात जाळून ठेवेल.' आणि पुढे हसरा चेहरा काढलायस. तू मला शिव्या लिहिल्या असत्यास तर मी आणखी दहा वर्षं गप्प बसलो असतो, इतका मी निगरगट्ट आहे. पण तू स्वतःला हसलीस, तेही मलाच सांगून, आणि ते मला वाचवेना. म्हणून लिहितो, नीट वाच: तुझ्या पायाची काही चूक नव्हती. पेडल हलकंच होतं. गावात, ट्रॅकवर, घरात, कोणालाच जे कळलं नाही ते तुझ्या डाव्या पायाला पहिल्या संध्याकाळी कळलं होतं आणि मी त्याला खोटं पाडलं. माफी मागत नाही. ती मागायलाही तोंड लागतं. उद्याच्या पार्सलने तो खोका पाठवतोय. झाकणावर तुझं नाव आहे, आकडे आहेत, 'बाबाचे हात' आहे. मी त्यातलं काही पुसलेलं नाही. उघडायची घाई करू नकोस. आधी नुसता उचलून बघ.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
बाबा