केळीच्या सोपटाची गाठ

बाई,

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली. गेल्या रविवारी आपल्या चर्चचा हंगामाचा सण झाला आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी हे पत्र तुमच्या हातात देण्याची हिंमत मला झाली असती का, कोण जाणे. तुम्ही आधी त्यातलं शुद्धलेखन तपासलं असतंत.

आपलं चर्च तेव्हा शाळेच्या भाड्याच्या वर्गात भरायचं, आठवतं ना? वसईत राहतो आणि ख्रिस्ती आहोत म्हटलं की लोक आम्हाला इथल्याच जुन्या कॅथलिक घरांतले समजत. मग आई समजावत बसायची, की आम्ही मेथडिस्ट, मूळचे घाटावरचे, परळची खोली विकून इथं फ्लॅट घेतलाय. तुमचं चर्च कुठं आहे, असा पुढचा प्रश्न आला की तिचा आवाज बारीक व्हायचा, कारण उत्तर ‘चौथी ब’ असं होतं. तुम्हाला मात्र त्याची कधी लाज वाटली नाही. तुम्ही मुंबईच्या इस्पितळात नर्स होतात. शनिवारची रात्रपाळी करून, केस पुन्हा विंचरून, थेट आम्हा मुलांची रविवारची शब्बाथशाळा घ्यायला यायचात आणि आल्या आल्या आम्हाला बाकं लावायला लावायचात. उपासना संपली की तीच बाकं जशी होती तशी परत. सोमवारी येणाऱ्या मुलांना कळताही कामा नये की आपण इथं येऊन गेलो, असं तुम्ही म्हणायचात. एखादं मूल दोन रविवार दिसलं नाही तर तिसऱ्या रविवारच्या आत तुम्ही त्याच्या घरी हजर. चहा घ्यायचात, बिस्कीट नाही.

हंगामाच्या सणाला मोठी माणसं नारळ, कोंबड्या, घरचे केक आणत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई. मुलांचं टेबल मात्र लिलावात काढायचं नाही, हा तुमचा नियम. मुलांनी स्वतः लावलेलंच आणायचं. तीन मिरच्या चालतील, मूठभर पाला चालेल, विकत आणलेलं चालणार नाही. ते सगळं चिरून डाळीच्या एकाच टोपात पडायचं आणि प्रेमभोजनाला सगळी मंडळी तीच डाळ खायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा कसला आलाय हंगाम, असं एकदा बाबा घरी म्हणाले होते. तुमच्यासमोर म्हणायची त्यांची टाप नव्हती.

मी अकरा वर्षांची होते. तुम्ही आमच्या ओंजळीत मेथीचे दाणे घातलेत. आमच्या इमारतीत पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे झाडाला पाणी म्हटलं की आईच्या कपाळाला आठ्या. त्यावर तुमचं उत्तर तयार होतं, तांदूळ धुतलेलं पाणी घाला. मी तेलाच्या कापलेल्या डब्यात माती भरली, डबा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवला, आणि कोंब आले तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. मग वरच्या काकूंच्या चादरीतून साबणाचं पाणी दिवसभर त्यात ठिबकलं आणि माझी मेथी पिवळी पडून गेली. सण दोन दिवसांवर. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी शनिवारी संध्याकाळी आईनं स्टेशनबाहेर बसणाऱ्या सांडोरच्या भाजीवालीकडून मुळांसकट जुडी आणली आणि आम्ही दोघींनी मिळून ती डब्यात खोचली. बी तर तूच लावलं होतंस ना, आई म्हणाली. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं.

रविवारी टेबलावर सगळ्यांत डौलदार डबा माझा. पाळकसाहेबांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला आणि उपकारस्तुतीची प्रार्थना मलाच करायला सांगितली. मी पुढं उभी आहे, डोळे मिटलेले, आणि देवाचे आभार मानते आहे, उन्हाबद्दल, पावसाबद्दल, मातीबद्दल. सगळे आमेन म्हणाले. डोळे उघडले तेव्हा मेथीनं मान टाकली होती.

नंतर व्हरांड्यात तुम्ही माझाच डबा माझ्यापुढं सरकवलात आणि निवडायला बसवलंत. मुळांच्या गुंत्यात काहीतरी बोटाला लागलं. जुडी बांधलेली केळीच्या सोपटाची दोरी, गाठीसकट. घाईत आम्ही ती तशीच मातीत खोचली होती. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, बोटांत फिरवलीत, आणि शेजारी कांदा चिरणाऱ्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंत, “खिडकीत केळ पण लावलीय का गं?”

चार पावलांवर आई पत्रावळी मांडत होती. आता तुम्ही पाळकसाहेबांना सांगणार, सगळ्या मंडळीत आमची नाचक्की होणार, आईला पुन्हा इथं तोंड दाखवता येणार नाही, एवढंच मला दिसत होतं. तुम्ही मेथी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवलीत. टोपात ती गेली नाही.

“देवाचे आभार मानलेस, ते ठीक केलंस,” तुम्ही म्हणालात. “पण जिनं ही पेरली, तिचे कोण मानणार?”

आईला तुम्ही एवढंच सांगितलंत, की शनिवारी हिला जरा बाहेर घेऊन जाते. आई सगळं समजली.

शनिवारी आपण दोघी विचारत विचारत सांडोरला त्या भाजीवालीच्या वाडीत गेलो. तुमची इस्त्रीची पांढरी साडी, आणि पाटाच्या चिखलातून तुम्ही चपला हातात घेऊन चालता आहात, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि तुमची मेथी मी माझी म्हणून चर्चमध्ये ठेवली, असं एका दमात सांगून टाकलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, “खाल्लीस का पन?” नाही म्हटल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं. तेव्हा तुम्ही पुढं होऊन सांगितलंत, की ती मेथी तुमच्या घरी शिजली, भाकरीबरोबर, आणि फार चवीची होती. इतकी वर्षं स्टेशनवर बसते, भाजी कशी झाली ते सांगायला कुणी वाडीत आलं नव्हतं, असं ती म्हणाली. तिनं मला वाफा दाखवला, बी किती खोल टाकायचं ते दाखवलं, आणि निघताना बियांची पुडी दिली. परतीच्या वाटेवर तुम्ही माझ्या गणिताची चौकशी केलीत. त्या जुडीचा विषय पुन्हा कधीच काढला नाहीत, माझ्याकडे नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. पुढच्या वर्षी माझी खरीखुरी मूठभर मेथी आली, ती तुम्ही इतरांच्या पाल्याबरोबर काही न बोलता टोपात टाकलीत. शाबासकी नाही म्हणून तेव्हा मी रुसले होते. आता वाटतं, तुमच्याइतका माझा मान कुणीच राखला नाही.

आता जूचंद्रच्या बाजूला आपली स्वतःची इमारत आहे. बाकं उचलावी लागत नाहीत. शब्बाथशाळा मी घेते, आणि मुलांच्या टेबलाचा नियम तोच ठेवलाय. गेल्या रविवारी एका नऊ वर्षांच्या मुलीनं रंगवलेल्या कुंडीतून कोथिंबीर आणली. मी निवडायला घेतली तर देठांना रबर बँड. मुलीनं तो पाहिला, मी पाहिला, आणि मी तिच्याकडे पाहिलं हेही तिनं पाहिलं. तिची आई समोर उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती. मी रबर मुठीत लपवला, कोथिंबीर चिरली आणि डाळीत टाकली. मुलगी हसली नाही. जेवताना ती माझ्यापासून लांब बसली.

तिची कोथिंबीर मोबाइलवर मागवलेली असणार, मग तिला कुठल्या वाडीत नेऊ, असं मी पाच दिवस स्वतःला सांगते आहे. हे काही खरं नाही. निर्मळला वाड्या अजून आहेत, आणि आभार मानायला वाफ्यात राबणारी कुठलीही बाई चालेल. तिच्या आईचं मन दुखवायला मी घाबरले, खरं एवढंच आहे. तुम्हाला माझ्या आईची भीती वाटली होती का, हे विचारायचं राहून गेलं.

उद्या शनिवार. मी अजून तिच्या आईला फोन केलेला नाही. रबर माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. आणि बाई, रविवारची ती डाळ मी दोनदा वाढून घेतली, सगळ्यांसमोर, फार छान झालीय म्हणत.